शफल चालू ठेवूनही जोडलेली गाणी एकत्र कशी वाजवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. संगणकावर सहा हजारांच्या आसपास ट्रॅक आहेत आणि ते बहुतेक वेळा शफल लावूनच ऐकले जातात. काही अल्बममध्ये एक गाणं संपतं न संपतं तोच दुसरं सुरू होतं, मध्ये श्वास घ्यायलाही उसंत नाही. शफलमध्ये मात्र पहिलं गाणं ऐन रंगात आलेलं असताना तुटतं आणि भलतंच काही वाजायला लागतं. शफल न सोडता या जोड्या टिकवता येतील का?

येतील. मी गेली अठरा वर्षं लोकांचे ध्वनिसंग्रह सीडीवरून उतरवून, टॅग (गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम ही फाईलमध्येच भरायची माहिती) लावून, नीट रचून द्यायचं काम करतो. माझा स्वतःचा संग्रहही शफलवरच वाजतो, त्यामुळे ही तडफड मला पुरती ठाऊक आहे. बहुतेक जण आधी प्लेयर शोधायला लागतात. मी म्हणेन, कोणती गाणी एकमेकांना जोडलेली आहेत ते आधी फाईलमध्ये लिहून ठेवा आणि प्लेयर मागाहून निवडा. प्लेयर पाच-सात वर्षांनी बदलतो, फाईल तीच राहते.

गाणी तुटतात याचं कारण साधं आहे. प्लेयरला गाणं कळत नाही, फाईल कळते. आपण पत्ते पिसतो तशी तो फाईलींची यादी पिसतो. पिसण्याची जी पद्धत आज सर्रास वापरली जाते ती फिशर आणि येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये कागद-पेन्सिलीसाठी सांगितली, आणि १९६४ मध्ये ड्युरस्टेनफेल्डनं ती संगणकासाठी बसवून दिली. यादीच्या शेवटच्या जागेवर उरलेल्यांतला कोणताही एक पत्ता ठेवायचा, मग त्याच्या अलीकडच्या जागेवर, असं करत मागे मागे यायचं. पद्धत अगदी चोख आहे, प्रत्येक क्रम सारख्याच शक्यतेनं येतो. पण तिच्या याच चोखपणात आपली जोडी फुटते. सहा हजार ट्रॅकांत एका ठरावीक गाण्याच्या लगेच मागोमाग त्याचं जोडगाणं येण्याची शक्यता ६,००० त १. रोज सकाळी यादी नव्यानं पिसली तरी ती जोडी सरासरी सोळा वर्षांतून एकदा जुळेल. तिघांची साखळी असेल तर ती ओळीनं लागण्याची शक्यता सुमारे ३ कोटी ६० लाखांत १, म्हणजे तिची वाट पाहण्यात अर्थच नाही.

पत्त्यांच्या भाषेत उपाय सांगायचा तर जे पत्ते एकत्र राहायला हवेत त्यांना रबर लावायचं, त्यांचा एकच जाड पत्ता करायचा आणि मग गड्डी पिसायची. पुढे जे काही सांगतो आहे ते सगळे या रबराचेच प्रकार आहेत.

पण रबर कुणाला लावायचं हे ठरवण्यातच खरं काम आहे आणि तिथेच लोक घाई करतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

ज्या गाण्यांचा ध्वनीच दोन फाईलींत कापला गेला आहे, त्यांचा मान पहिला. मेंडेल्सनची ई मायनरमधली व्हायोलिन कॉन्चेर्टो घ्या, १८४४ ची. पहिला भाग जोरात संपतो, पण बासून या वाद्याचा एक स्वर तसाच धरलेला राहतो आणि त्याच स्वराचं बोट धरून दुसरा संथ भाग सुरू होतो. सीडीवर ट्रॅकची खूण त्या स्वराच्या आसपासच पडते. शफलमध्ये मग कधी तो स्वर पहिल्या ट्रॅकच्या शेवटी एकटाच लोंबकळतो आणि कचकन कापला जातो, तर कधी दुसरा ट्रॅक कुठून आला ते न कळणाऱ्या एका सुरानं सुरू होतो. बेथोव्हेनच्या १८०८ मधल्या पाचव्या सिंफनीत तिसऱ्या भागाच्या अखेरीस टिंपनी या नगाऱ्यासारख्या वाद्याचे दबके ठोके पडत असतात, त्यावर व्हायोलिन्स हळूहळू वर चढत जातात, आणि तो सगळा ताण चौथ्या भागाच्या पहिल्याच स्वरांवर फुटतो. शफलमध्ये ताण ऐकायला मिळतो, फुटणं मिळत नाही. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात विलंबित आणि द्रुत अशा दोन फाईली केलेल्या असतात, वाद्यवादनात आलाप, जोड आणि झाला अशा तीन. तिथे तंबोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असतो, आणि तंबोरा मध्येच कापला गेला की कान ते ताबडतोब पकडतो. अशा ठिकाणी मी डोळे मिटून रबर लावतो. कलाकारानं जे एका बैठकीत, एका दमात मांडलं ते एक एकक, मग सीडी काढणाऱ्यानं त्याचे दोन तुकडे केलेले असोत की पाच.

दुसऱ्या प्रकारात मध्ये शांतता असते, पण अर्थ जोडलेला असतो. उदाहरणार्थ चाळीस सेकंदांची प्रस्तावना आणि मागोमाग मूळ गाणं. इथे मी एकच कसोटी लावतो: दुसऱ्या कुठल्याही गाण्यानंतर हा तुकडा एकटा लागला तर तो उभा राहतो का? प्रस्तावना उभी राहत नाही, तेव्हा तिला गाण्याशी बांधतो.

तिसरा प्रकार निव्वळ सवयीचा. एखादा अल्बम वर्षानुवर्षं ऐकलेला असतो, म्हणून हे गाणं संपलं की ते यायला हवं असं वाटतं. हे वाटणं मला पुरेपूर समजतं, पण यांना बांधू नका. सवयीच्या जोड्या बांधायला लागलात की दोन महिन्यांत अर्धा संग्रह बांधला जातो आणि शफलमध्ये अख्खे अल्बमच ऐकू यायला लागतात.

मैफलीच्या किंवा थेट कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणांत टाळ्या एका ट्रॅकमधून दुसऱ्यात वाहत जातात. तांत्रिकदृष्ट्या तोही कापलेला ध्वनीच. तरी मी ते बांधत नाही, कारण टाळ्या तुटल्यानं संगीत तुटत नाही. फार खटकत असेल तर शफलसाठी वेगळी प्रत करून टाळ्यांवर दोन सेकंदांचा उतार द्यावा.

कसोटी कानानंच घ्यायची, पण तिची रीत आहे. हेडफोन लावा, पहिल्या ट्रॅकचे शेवटचे दहा सेकंद ऐका आणि तिथेच थांबा. पुढचा ट्रॅक लगेच लावू नका. शेवटचा नाद विरून गेला का कापला गेला, एवढंच ऐका. मग दुसऱ्या ट्रॅकचे पहिले पाच सेकंद स्वतंत्र ऐका. सुरुवातीलाच एखाद्या वाद्याचा अर्धवट नाद, गुंज किंवा श्वास असेल तर सांधा तिथेच आहे. शंका वाटली तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फाईल उघडून शेवटचं टोक मोठं करून पाहा. विरलेल्या गाण्याची लाट शेवटाकडे बारीक होत रेघेला टेकते. कापलेल्या गाण्याची लाट भरल्या अंगानं भिंतीवर आदळल्यासारखी थांबते.

सहा हजार ट्रॅक असे एकेक करून तपासणं कठीण आहे, म्हणून आधी चाळणी लावा. एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅममध्ये शांतता ओळखणारं एक फिल्टर आहे, सायलेन्सडिटेक्ट नावाचं. प्रत्येक फाईलचा शेवटचा अर्धा सेकंद त्यातून काढायचा आणि जिथे शांतता सापडत नाही त्या फाईलींची यादी बनवायची. उंबरठा मी उणे ५० डेसिबलवर ठेवतो. यादीत थेट कार्यक्रम भरमसाट येतील, ते आधी गाळा. उरलेली यादी दोन-तीन संध्याकाळी बसून ऐकण्याइतकीच असते. ते काम मला मनापासून आवडतं. आपल्याच संग्रहातले सांधे पहिल्यांदा नीट ऐकू येतात.

इथे एक गोम सांगून ठेवतो, कारण ती पुस्तकी माहितीत सहसा येत नाही. सीडीवर ट्रॅकच्या आधी एक पूर्वभाग असू शकतो. जुन्या सीडी प्लेयरवर तो वाजत असताना वेळ उणे आकड्यांत मोजली जाते. काही सीडींवर गायकाचे दोन शब्द किंवा वाद्य जुळवणं या पूर्वभागात ठेवलेलं असतं. सीडी उतरवताना बहुतेक प्रोग्रॅम हा भाग आपणहून आधीच्या ट्रॅकच्या शेपटीला चिकटवतात. म्हणजे पुढच्या गाण्याची ओळख मागच्या गाण्याच्या शेवटी ऐकू येते आणि मग शफलमुळे तिसरंच गाणं लागतं. ही जोडी बांधून सुटणारी नाही. तो भाग कापून ज्याचा त्याला देणं हाच इलाज, आणि मूळ सीडी हाताशी असेल तर ती पुन्हा उतरवणं सगळ्यात सोपं.

आता लिहायचं कुठे? टॅगमध्ये ग्रुपिंग नावाचा एक रकाना असतो, बहुतेकांच्या संग्रहात तो रिकामाच पडलेला असतो. साखळीतल्या प्रत्येक ट्रॅकच्या ग्रुपिंगमध्ये तंतोतंत तोच मजकूर भरायचा. एमपीथ्रीटॅग किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या टॅग भरायच्या प्रोग्रॅममधून एकदम अनेक फाईलींना तो लावता येतो. मजकूर निवडताना पुढचा विचार करा. नुसतं ‘मेडली’ किंवा ‘राग यमन’ लिहिलंत तर वेगवेगळ्या कलाकारांची वेगवेगळी मुद्रणं एकाच रबरात अडकतील. मी कलाकार, रचना आणि मुद्रणाचं वर्ष असं तिन्ही लिहितो. एकाच रचनेची एकाच कलाकाराची दोन मुद्रणं असली तरी मग गफलत होत नाही. जे ट्रॅक सुटे आहेत त्यांचा रकाना रिकामाच ठेवायचा.

साखळीतला आतला क्रम डिस्क क्रमांक आणि ट्रॅक क्रमांकावरून ठरतो, म्हणून तेही तपासून घ्या. क्रमांक मजकूर म्हणून लावले जात असतील तर १० हा २ च्या आधी येतो, त्यामुळे ०२ असं दोन अंकी लिहिणं बरं.

ॲपलचा म्युझिक प्रोग्रॅम, म्हणजे पूर्वीचा आयट्यून्स, ही गोष्ट सरळ करतो. कंट्रोल्स मेनूत शफलखाली गाणी, अल्बम आणि ग्रुपिंग्ज असे तीन पर्याय असतात. त्यातला ग्रुपिंग्ज निवडला की समान ग्रुपिंगचे ट्रॅक एकत्र वाजतात. सगळ्या संग्रहावर लावण्याआधी वीस-पंचवीस ट्रॅकांची एक चाचणी प्लेलिस्ट करा, त्यात दोन साखळ्या आणि बाकी सुटी गाणी ठेवा, आणि काही वेळ ऐका. एक अडचण मात्र इथे हमखास भेटते. २०१६ मध्ये ॲपलनं शास्त्रीय संगीतासाठी वर्क आणि मूव्हमेंट असे नवे रकाने आणले. तेव्हापासून त्यांचा प्रोग्रॅम एमपी३ फाईलींत ग्रुपिंग वेगळ्या चौकटीत लिहितो आणि जुनी चौकट वर्कसाठी वापरतो. म्हणून तिथे भरलेलं ग्रुपिंग दुसऱ्या प्लेयरला दिसत नाही, किंवा उलट. एमपीथ्रीटॅगमध्ये दोन्ही चौकटी उघडून पाहिल्या की उलगडा होतो.

याच प्रोग्रॅममध्ये ट्रॅकच्या माहितीत शफल करताना वगळण्याचीही एक खूण आहे. ती साधी दिसते, पण पुढे फार कामाला येते.

विंडोजवर मी फूबार२००० हा प्लेयर वापरतो. त्यात ट्रॅक शफल, अल्बम शफल आणि फोल्डर शफल असे प्रकार आहेत. महत्त्वाचं म्हणजे अल्बम कशाला म्हणायचं हे आपण सांगू शकतो. ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये प्लेबॅकखाली शफलसाठी अल्बम ओळखण्याचं सूत्र असतं. ते असं बदलायचं की ग्रुपिंगचा रकाना भरलेला असेल तर अल्बमचं नाव आणि ग्रुपिंग मिळून ओळख धरायची, आणि रिकामा असेल तर फाईलचा पत्ता (ती संगणकावर कुठे ठेवली आहे तो) हीच ओळख धरायची. सूत्राच्या दुसऱ्या अर्ध्या भागात सगळी मेख आहे. प्रत्येक फाईलचा पत्ता वेगळा असल्यानं प्रत्येक सुटं गाणं एका गाण्याचा अल्बम होतं, आणि साखळ्या तेवढ्या अनेक गाण्यांच्या राहतात. मग अल्बम शफल लावायचं. नाव अल्बम शफल, काम मात्र नेमकं आपल्याला हवं ते.

ज्या प्लेयरमध्ये असं सूत्र नाही पण अल्बम शफल आहे, तिथे शफलसाठीच्या प्रतींना वेगळं अल्बमचं नाव देऊन हेच साधता येतं. फोल्डर शफल असेल तर साखळीला स्वतंत्र फोल्डर द्यायचं. दोन्ही चालतं, पण सुट्या गाण्यांनाही एकेक फोल्डर किंवा अल्बम द्यावा लागतो आणि संग्रहाचा चेहरामोहरा बिघडतो. म्हणून हे मी शेवटचा मार्ग समजतो. लिनक्सवर एमपीडी हा प्लेयर चालवणाऱ्यांसाठी ॲशफल नावाचं छोटं साधन आहे. त्याला कोणत्या टॅगनुसार गट धरायचे ते सांगता येतं.

तुमचा प्लेयर यातलं काहीच करत नसेल तर निराश होऊ नका. मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय प्लेयरच्या बाहेरचा आहे. गड्डी आपणच पिसायची आणि पिसलेली यादी प्लेयरच्या हातात द्यायची. पंधरा-वीस ओळींची पायथन स्क्रिप्ट पुरते. ती सगळ्या फाईलींचे टॅग वाचते, समान ग्रुपिंगचे गट करते, प्रत्येक सुट्या ट्रॅकचा एकट्याचा गट धरते, गटांची यादी पिसते आणि प्रत्येक गट आतल्या क्रमानं उलगडून प्लेलिस्टच्या फाईलमध्ये लिहिते. प्लेयरचं शफल बंद ठेवून ही प्लेलिस्ट वाजवायची. फाईलींची नावं देवनागरीत असतील तर प्लेलिस्टची फाईल एम३यू ऐवजी एम३यू८ प्रकारची करा, त्यात युनिकोड धरलेलं असतं; नाहीतर नावांचा चुराडा होऊन गाणी सापडत नाहीत. माझ्याकडे ही स्क्रिप्ट रोज पहाटे आपोआप चालते.

स्क्रिप्ट स्वतः लिहिणार असाल, किंवा कुणाची आयती घेणार असाल, तर दोन जागा तपासा. पहिली अशी: काही स्क्रिप्टा गाणं यादृच्छिक निवडतात आणि मग त्याची साखळी वाजवतात. त्यात चार ट्रॅकांच्या साखळीला निवडून यायला चार दारं मिळतात आणि ती सुट्या गाण्याच्या चौपट वेळा वाजते. निवड गटांमधून झाली पाहिजे, गाण्यांमधून नाही. दुसरी: निवड साखळीच्या मधल्या गाण्यावर पडली तर सुरुवात कुठून होते? ‘हे संपलं की ते लाव’ एवढंच सांगितलेलं असेल तर द्रुत एकटंच वाजेल आणि विलंबित मागेच राहील. साखळी नेहमी डोक्यापासून सुरू झाली पाहिजे. याला अपवाद प्रस्तावनेचा. प्रस्तावनेला गाणं हवं असतं, गाण्याला दर वेळी प्रस्तावना हवीच असं नाही. काही गाण्यांसाठी मी प्रस्तावनेसकट एक गट आणि गाण्याचा सुटा एक असे दोन्ही यादीत ठेवतो. तेवढी मोकळीक आपल्या स्क्रिप्टमध्येच घेता येते, तयार प्लेयरमध्ये नाही.

एक मार्ग आणखी उरतो, फाईलीच सांधून एक करण्याचा. फोनवर ऐकणाऱ्यांसाठी हाच उत्तम, कारण एकच फाईल असली की कोणताही प्लेयर तिला तोडू शकत नाही. सीडी अजून कपाटात असेल तर उतरवतानाच निवडलेले ट्रॅक जोडून घेता येतात, ॲपलच्या प्रोग्रॅममध्ये तशी सोय आहे. फ्लॅक (दर्जा न गमावता ध्वनी साठवण्याचा प्रकार) फाईली असतील तर फूबारच्या कन्व्हर्टरमध्ये सगळे ट्रॅक एका फाईलमध्ये एकत्र करण्याचा पर्याय आहे. फ्लॅकमध्ये ध्वनीचा एकही नमुना (सेकंदाला हजारो वेळा घेतलेलं मोजमाप) हरवत नाही, सांधा सीडीवर होता तसाच बिनजोड राहतो.

एमपी३ चं तसं नाही. हे मी किंमत मोजून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका संग्रहातल्या पन्नासेक साखळ्या मी एमपी३ लाच एमपी३ चिकटवून एक केल्या, आणि जागा वाचवायची म्हणून मूळ तुकडे पुसून टाकले. आठवड्याभरानं हेडफोन लावून ऐकलं तर प्रत्येक सांध्यावर तंबोऱ्याला उचकी लागल्यासारखी बारीक खाच. एमपी३ चा ध्वनी १,१५२ नमुन्यांच्या चौकटींत बांधलेला असतो. एन्कोडर (एमपी३ बनवणारा प्रोग्रॅम) सुरुवातीला थोडी शांतता घालतो, लेम या एन्कोडरची ती ५७६ नमुन्यांची असते, डीकोडर (एमपी३ उलगडून वाजवणारा प्रोग्रॅम) आणखी ५२९ नमुने मागे राहतो, आणि शेवटची चौकट भरायला पुन्हा शांतताच घालावी लागते. चांगला प्लेयर हे आकडे फाईलच्या मस्तकातून वाचतो आणि तेवढी शांतता कापून वाजवतो. पण दोन फाईली चिकटवल्या की दुसरीचं मस्तक मध्ये गाडलं जातं, ते कुणी वाचत नाही, आणि किमान २५ मिलिसेकंदांची खाच कायमची बसते. त्या संग्रहाच्या सीड्या मला पुन्हा मागून घ्याव्या लागल्या आणि सगळं काम नव्यानं करावं लागलं. म्हणून तुमच्याकडे फक्त एमपी३ च असतील तर सांधू नका, ग्रुपिंग आणि प्लेलिस्टचा मार्ग धरा. उलगडून, जोडून, पुन्हा एमपी३ केलं तर खाच जाते, पण दर्जाची एक पायरी उतरते.

आणि काही झालं तरी मूळ तुकडे पुसू नका. सांधलेली प्रत शफलसाठी, मूळ ट्रॅक अल्बम ओळीनं ऐकण्यासाठी. दोन्ही संग्रहात असली की शफलमध्ये तेच संगीत दोनदा येईल, तिथे मघाची शफल करताना वगळण्याची खूण उपयोगी पडते: मूळ तुकड्यांवर ती लावायची, सांधलेल्या प्रतीवर नाही. जिथे ती खूण नाही तिथे सांधलेल्या प्रतींचं वेगळं फोल्डर ठेवून शफलची यादी त्यातून आणि सुट्या गाण्यांतून बनवायची.

रबर नीट बसलं तरी सांध्यावर दोन गोष्टी घात करतात. एक क्रॉसफेड. मागचं गाणं उतरवत पुढचं चढवण्याची ती सोय सुट्या गाण्यांना शोभते, पण आधीच सलग असलेल्या ध्वनीवर ती आली की तोच ताल स्वतःवर चढून बसतो. आयट्यून्समध्ये ट्रॅकवर ‘सलग अल्बमचा भाग’ अशी खूण करून क्रॉसफेड टाळता येत असे. जिथे तसं काही नाही तिथे क्रॉसफेड बंद ठेवावं, अर्धवट तडजोड नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची पातळी. रिप्लेगेन ही आवाज समान करण्याची पद्धत २००१ पासून आहे. तिच्यात प्रत्येक ट्रॅकसाठी एक आणि अख्ख्या अल्बमसाठी एक अशा दोन मोजण्या असतात. शफल ऐकणारे ट्रॅकची मोजणी लावतात, ते बरोबरच आहे. पण हळुवार विलंबित आणि जोरकस द्रुत यांना वेगवेगळा गुणक लागला की सांध्यावर पायरी पडते: तंबोरा एकदम मोठा किंवा एकदम बारीक होतो. यावर माझी युक्ती अशी की साखळीतले तेवढेच ट्रॅक निवडून फूबारमध्ये ‘निवड एकच अल्बम समजून मोजा’ हा पर्याय चालवायचा. मग त्या सगळ्यांची अल्बम मोजणी एकच येते. ती ट्रॅक मोजणीच्या रकान्यातही भरून टाकायची. साखळीचा आतला चढउतार कलाकारानं ठेवला तसा राहतो आणि बाकी संग्रहाशी तिची पातळीही जुळते. अख्ख्या अल्बमची मूळ मोजणी लागणार असेल तर हे शफलच्या प्रतींवरच करा.

स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर हात बांधलेले आहेत. तिथे टॅग आपल्या मालकीचे नसतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये गायिका ॲडेलच्या आग्रहावरून स्पॉटिफायनं अल्बमच्या पानावरचं शफलचं ठळक बटण मागे घेतलं. अल्बमचा क्रम कलाकारासाठी महत्त्वाचा असतो हे त्यातून मान्य झालं, पण अल्बम आणि सुटं गाणं यांच्या मधलं एकक, दोन-तीन ट्रॅकांची साखळी, तिथे अजून ओळखली जात नाही. पहिलं गाणं लागताच दुसरं हातानं रांगेत लावणं एवढंच आपल्याला करता येतं. तीच जोडी एकाच ट्रॅकमध्ये असलेली दुसरी आवृत्ती कधी कधी मिळते, तीही शोधून पाहा. सांधलेल्या फाईली तुमच्याकडे असतील तर यूट्यूब म्युझिकवर स्वतःचे १,००,००० पर्यंत ट्रॅक चढवता येतात, तिथे त्या शफलमध्ये अखंड वाजतात.

तुमच्या सहा हजारांसाठी मी असं करीन: या आठवड्यात चाळणी लावून यादी काढा, पण टॅग लगेच सगळ्यांना लावू नका. ज्या दहा-बारा जोड्या तुटल्या की तुम्हाला खरोखर त्रास होतो त्यांनाच ग्रुपिंग भरा आणि महिनाभर शफल ऐका. ऐकताना जिथे पुन्हा दचकाल तिथला ट्रॅक टिपून ठेवा, पुढची ग्रुपिंग्ज त्या टिपणातून भरा. बाकीची यादी बाजूला राहिली तरी हरकत नाही.